दारात उभं असलेलं लेकरू: ख्रिस्ती मंडळी आणि एक जुना प्रश्न

या मालिकेत मी एरवी लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय लढाईचा नाही. पण त्यात एक सेनापती येणार आहे, आणि माझी स्वतःची एक चूकही. चुकीपासूनच सुरुवात करतो.

माझी बरीचशी नोकरी मद्रास सॅपर्समध्ये झाली. निवृत्तीनंतर बंगळुरूतच स्थायिक झालो. २०१६ मध्ये माझ्या जुन्या सुभेदारसाहेबांच्या निधनाचा निरोप आला. सिक्कीममध्ये पावसाने वाहून गेलेल्या रस्त्यांवर आम्ही दोघांनी मिळून पूल टाकले होते. रात्रीची गाडी पकडून तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडच्या त्यांच्या गावी गेलो. गावाचं आणि चर्चचं नाव मी सांगणार नाही. दोष एका गावाचा नाही.

त्या भागातल्या अनेक चर्चमध्ये आजही पुरुष एका बाजूला बसतात, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, मधून वाट. मी पदकं लावून पुरुषांच्या बाजूला पुढच्या बाकावर बसलो. मागे वळून पाहिलं, तर दाराबाहेर, काढून ठेवलेल्या चपलांपाशी, पांढऱ्या साडीत एकजण उभी होती. सुभेदारसाहेबांचं थोरलं अपत्य. लहानपणी तिला मी क्वार्टरमागच्या मैदानात क्रिकेट खेळताना पाहिलं होतं. तेव्हा तिचं नाव मुलाचं होतं, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत अजूनही तेच होतं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं, शर्ट-पँट घालून पुरुषांत बस, नाहीतर बाहेर थांब. ती बाहेर थांबली. वडिलांच्या अंत्यविधीची उपासना तिने उंबऱ्याबाहेरून ऐकली.

हे सगळं शेजारी बसलेल्या एका निवृत्त नायकाने मला कानात सांगितलं. मी ऐकलं आणि बसून राहिलो. आपण पाहुणे, आपण मध्ये कशाला पडायचं, अशी मनाची समजूत घातली. हुकूम सोडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या दिवशी उठून दारापर्यंत वीस पावलं चालता आलं नाही.

जेवणाच्या वेळी एक वडीलधारे मला म्हणाले, "साहेब, ही सगळी हल्लीची फॅशन. आमच्या धर्मात असलं काही नव्हतं." मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे तेव्हा गप्प राहिलो. घरी आल्यावर मात्र इतिहास चाळायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी एक खबरदारी. जुन्या ग्रंथांत ज्यांचा उल्लेख येतो ते खच्ची केलेले किंवा जन्मतः वेगळ्या शरीराचे लोक आणि आजच्या ट्रान्सजेंडर व्यक्ती म्हणजे एकच नव्हे. पण स्त्री आणि पुरुष या दोन रांगांत न बसणाऱ्या माणसाला कुठे बसवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या ग्रंथात, २३व्या अध्यायात, अंगभंग झालेल्या अशा पुरुषाला देवाच्या मंडळीत प्रवेश नाकारला आहे. पण यशया संदेष्ट्याच्या ५६व्या अध्यायात बरोबर उलटं वचन येतं: अशा माणसाला देव आपल्या घरात जागा देईल, आणि मुलाबाळांपेक्षाही टिकाऊ नाव देईल. म्हणजे मनाई आणि आमंत्रण दोन्ही एकाच ग्रंथात आहेत.

नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात, एक प्रसंग आहे. कांदके राणीचा खजिनदार, आफ्रिकेतला एक मोठा अधिकारी, यरुशलेमला उपासनेसाठी जाऊन गाझाच्या रस्त्याने परत निघाला आहे. रथात बसून तो यशयाचाच ग्रंथ वाचतो आहे. हा खजिनदार खच्ची केलेला होता. मराठी बायबलांत अशा माणसासाठी षंढ, नपुंसक असे शब्द येतात. आमच्याकडे कवायतीच्या मैदानावर हेच शब्द शिवीसारखे वापरले जातात, मीही वापरले आहेत. त्या रस्त्यावर त्याला फिलिप भेटतो. बोलता बोलता पाणी दिसतं, आणि खजिनदार विचारतो की माझा बाप्तिस्मा व्हायला आता अडचण काय? फिलिप त्याची तपासणी करत नाही, समिती बसवत नाही. दोघं पाण्यात उतरतात. ख्रिस्ती धर्मात सुरुवातीला बाहेरून आत आलेल्यांपैकी हा एक. "आमच्या धर्मात असलं काही नव्हतं" याला हे पहिलं उत्तर.

आता पुढे चला. इ.स. ३२५. निकिया इथे ख्रिस्ती धर्माची पहिली मोठी परिषद भरली. ख्रिस्त आणि ईश्वर यांचं नातं काय, यावर तिथे मोठा वाद झाला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या परिषदेने केलेल्या नियमांतला पहिलाच नियम कशाबद्दल आहे? वैद्याने आजारपणात किंवा शत्रूने जुलमाने ज्याला खच्ची केलं असेल त्याने धर्मगुरू राहायला हरकत नाही; धडधाकट असून ज्याने स्वतःच तसं केलं, त्याने पद सोडावं. म्हणजे १७०० वर्षांपूर्वीही हा प्रश्न इतका समोरचा होता की नियमांची सुरुवात त्याच्यापासून झाली.

कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यात असे लोक दरबारात, फौजेत, चर्चमध्ये सगळीकडे होते. इथे माझा सेनापती येतो. सम्राट जस्टिनियनचा नार्सेस हा खच्ची केलेला सरदार. मोहिमेची सूत्रं हाती आली तेव्हा तो वयस्कर होता. इ.स. ५५२ मध्ये त्याने इटलीत गॉथांचा राजा टोटिला याचा निर्णायक पराभव केला. घोडदळ अंगावर येणार हे ओळखून त्याने मधल्या फळीतल्या स्वारांना पायउतार केलं, आणि दोन्ही बगलांना धनुर्धारी उभे केले. नवव्या शतकात तर इग्नेशियस हा खच्ची केलेला साधू कॉन्स्टँटिनोपलचा कुलगुरू, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख झाला.

ऐकायला छान वाटतं ना? पण इथेच थांबलो तर अर्धाच इतिहास सांगितला असं होईल. रोमकडे या. १५८७ मध्ये पोप पाचवा सिक्स्टस याने फर्मान काढलं की अशा पुरुषांचं लग्न वैध नाही. आणि दोनच वर्षांनी, १५८९ मध्ये, त्याच पोपने सेंट पीटर्सच्या गायकवृंदाची नवी घडी बसवताना त्यात खच्ची केलेल्या गायकांची सोय केली. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, आणि उंच आवाज तर हवा. म्हणून लहान मुलांवर शस्त्रक्रिया होत राहिल्या. पोपच्या सिस्टाइन गायकवृंदात नव्या गायकांची भरती १९०२ मध्ये थांबली. शेवटचा गायक आलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये वारला. त्याच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. आवाज चालला, संसार चालला नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसली. चर्चने या माणसांना जागा दिली नाही असं नाही. दिली, पण बहुतेक वेळा उपयोगापुरती. सेनापती हवा होता, प्रशासक हवा होता, गळा हवा होता. गाझाच्या रस्त्यावर मात्र फिलिपने त्या खजिनदाराला तुझा उपयोग काय, असं विचारलं नाही. स्वागत आणि आपलेपणा यांत हाच फरक. छावणीतल्या गेस्ट रूममध्ये खोली मिळणं वेगळं, आणि पलटणीच्या हजेरीपटावर नाव असणं वेगळं.

आजच्या चर्चसंस्था या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चाचपडत आहेत. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने जुलै २०१७ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्वागतासाठी खास प्रार्थनाविधी असावा का, याचा विचार करण्याची विनंती मंजूर केली. बिशपांनी नवा विधी केला नाही. २०१८ च्या अखेरीस त्यांनी मार्गदर्शन दिलं की बाप्तिस्म्याची श्रद्धा पुन्हा व्यक्त करण्याचा जो विधी आहे, तोच यासाठी वापरावा. व्हॅटिकनने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की लोकांत गोंधळ माजणार नसेल तर ट्रान्सजेंडर व्यक्तीचा बाप्तिस्मा इतरांसारखाच होऊ शकतो. आणि एप्रिल २०२४ च्या दस्तऐवजात लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांना विरोधही नोंदवला. माणूस चालेल, पण त्याने घेतलेला निर्णय चालणार नाही, अशी ही कसरत आहे.

आपल्याकडे ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची सक्तीची नोंदणी आणली. त्या नोंदवहीत नाव येणं म्हणजे संशयित होणं. उलट दिशेचं पाऊल १५ एप्रिल २०१४ ला पडलं. सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिने या विषयावर बोलण्यासाठी स्वतंत्र मंच उभा केला आहे. त्या मंचावरचं बोलणं खेड्यातल्या बाकापर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागतो.

चर्चला नावं ठेवताना मी स्वतःच्या घराकडेही पाहतो. जानेवारी २०१९ मध्ये, समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत हा निकाल लागून चार महिने झाले होते, तेव्हा तत्कालीन लष्करप्रमुखांनी सांगितलं की फौजेत हे चालणार नाही. शिस्तीचे प्रश्न खरे असतात, ते मी नाकारत नाही. पण आमच्या पलटणींत एकाच छपराखाली सगळ्या धर्मांच्या प्रार्थना होताना मी पाहिल्या आहेत. सर्व धर्म स्थळ म्हणतो आम्ही त्याला. सोय करायची ठरवली की ती होते, एवढं मला अनुभवाने माहीत आहे.

२०२२ मध्ये पुन्हा त्या गावी गेलो. सुभेदारसाहेबांच्या स्मरणाची उपासना होती. मध्यंतरी पाळक बदलले होते, वडीलधारे तेच होते. तिच्या आईने या वेळी एक साधी गोष्ट केली. स्त्री-पुरुषांच्या मधल्या वाटेत, अगदी शेवटी, चटई टाकली आणि लेकीचा हात धरून तिथे बसली. कुणी काही बोललं नाही. पाळकांनी घरच्यांची नावं घेतली तेव्हा मुलगा म्हटलं नाही, मुलगीही म्हटलं नाही. तमिळमध्ये 'पिळ्ळै' म्हणतात, तो शब्द त्यांनी वापरला. सुभेदारांचं पिळ्ळै. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे: लेकरू.

नोंदवहीतलं नाव अजून बदललेलं नाही. तो अर्ज पडून आहे. पण त्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसलो नाही. गुडघे कुरकुरत होते, तरी मागे जाऊन चटईवर बसलो. तिने थोडं सरकून जागा दिली. सहा वर्षं उशीर झाला होता.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.