पॅरिसला गेलेले तक्ते

वर्गापुढे एखादा विषय मांडावयास सांगितला, की विद्यार्थी हल्ली आकृत्या व तक्ते घेऊन उभा राहतो. आणि पुष्कळदा त्या आकृत्यांत रंग फार व अर्थ थोडा असतो. दोष त्याचा नव्हे. चित्राने काय सांगावयाचे, हे आधी ठरविण्यास त्याला कोणी शिकविलेले नसते. अहवालांच्या कोष्टकांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकारही नाही! अशा वेळी आम्हांस अमेरिकेतील अटलांटा विद्यापीठाचे स्मरण होते.

तेथे १८९७ पासून डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. आकडे नीट गोळा करून जगापुढे ठेवले, म्हणजे वंशद्वेषाचे अज्ञान दूर होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. एप्रिल १८९९ मध्ये त्या श्रद्धेला तडा गेला. अटलांट्याजवळच्या न्यूनन गावापाशी सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जिवंत जाळले. डू बॉइस एका वृत्तपत्राच्या कचेरीत संयमाने लिहिलेले निवेदन देण्यास निघाले होते. त्या अभाग्याच्या बोटांची हाडे वाटेवरच्या एका दुकानात मांडून ठेविली आहेत, हे कळताच ते अर्ध्या वाटेवरून परतले.

असे असूनही, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील कृष्णवर्णीयांच्या दालनासाठी काम आले, तेव्हा त्यांनी आकडेच हाती घेतले. मात्र या वेळी ते बोलके करावयाचे होते. विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांना हाताशी धरून त्यांनी शाई व जलरंग यांनी साठांवर तक्ते तयार करविले.

त्यांतील एक तक्ता तर विसरता येत नाही. १८९० मध्ये जॉर्जियातील कृष्णवर्णीयांपैकी दहा हजारांहून मोठ्या शहरांत राहत होते ७८,१३९. त्याहून लहान शहरांत अनुक्रमे ८,०२५ व ३७,६९९. आणि खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. साध्या पट्ट्या काढाव्यात, तर शेवटची पट्टी कागदात मावणार कशी? त्यांनी ती तांबड्या रंगात काढून जिलबीच्या वेढ्यांसारखी गुंडाळली. काटेकोर संख्याशास्त्रज्ञ नाक मुरडील, कारण वेढ्याची लांबी डोळ्याला मोजता येत नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु प्रत्येक रेषेशेजारी आकडा लिहिलेला आहे. मोजण्याचे काम आकडा करतो आणि 'हा समाज अद्याप खेड्यात आहे' हे सांगण्याचे काम तो तांबडा वेढा करतो.

दुसऱ्या एका तक्त्यात गुलामांचे प्रमाण काळ्या रंगाने दाखविले असून, त्याच्या माथ्यावर स्वतंत्रांची हिरवी कड आहे. १७९० मध्ये ही कड शंभरात आठ, १८६० मध्ये अकरा. सत्तर वर्षे जवळजवळ जेथल्या तेथे! मग १८७० पाशी तो काळा डोंगर कड्यासारखा तुटतो व सारे हिरवे होते. तेथे दोनच रंग वापरले आहेत. तिसऱ्याची गरजच नव्हती.

पाहणाऱ्याचा विचारही त्यांनी सोडला नव्हता. तक्त्यांच्या दोन संचांपैकी एकावर इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर होता, आणि भिंतीवरील बिजागरीच्या चौकटींत लावलेले तक्ते प्रेक्षकांना पुस्तकाच्या पानांसारखे उलटता येत. जे चित्र पाहणाऱ्याला हात लावून उलटावेसे वाटते, त्याच्यापुढे तो थांबतो, हे आमच्या कचेऱ्यांतील भित्तिपत्रके लावणाऱ्यांस अजून उमगलेले दिसत नाही.

पैशांची ओढ इतकी, की डू बॉइस यांनी बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गातून अटलांटिक ओलांडला. पॅरिसमध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. ज्या राज्यात सॅम होजला जाळले गेले, त्याच राज्यात ते पुन्हा शिकविण्यास परतले व १९१० पर्यंत तेथेच राहिले. ते तक्ते आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. हाताने भरलेला तो तांबडा रंग अजून ठसठशीत दिसतो.