जन्मठेप किती वर्षांची?

सावरकरांना 1910-11 मध्ये झालेल्या दोन जन्मठेपांची बेरीज ब्रिटिश सरकारने 50 वर्षे धरली आणि सुटकेचे साल 1960 ठरवले. शिक्षा अमानुष होती, पण तिला शेवट होता. स्वातंत्र्यानंतर, 1 जानेवारी 1956 पासून, काळ्या पाण्याची जागा आजन्म कारावासाने घेतली आणि हा आकडाच नाहीसा झाला. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा केला, की तुरुंगात मिळवलेली सूट धरली तर आपली 20 वर्षे भरली आहेत. 1961 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. तेव्हाच्या दंड संहितेच्या 57व्या कलमातली 20 वर्षे केवळ शिक्षेचे अंश मोजण्यापुरती आहेत. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, आणि त्याआधी सुटायचे तर सरकारने माफी द्यायला हवी, असा तो निकाल. गोडसे 1964 मध्ये सुटले, तेही सरकारने सोडले म्हणून.

जन्मठेप 14 वर्षांची असते हा समज मात्र अजून घट्ट आहे. त्याचे मूळ 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 1978 मध्ये आलेल्या 433-अ कलमात दिसते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला 14 वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, एवढेच ते सांगत होते. कमीत कमी किती, हे कायद्याने ठरवले. जास्तीत जास्त किती, हे सरकारवर सोडले. महाराष्ट्राने 1992 आणि 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत गुन्ह्यांची वर्गवारी करून कोणाचा विचार किती वर्षांनी करायचा हे बांधून दिले. ही पद्धत मला योग्य वाटते, कारण तिच्यामुळे कैद्याला आपण कुठे उभे आहोत हे कळते. लक्ष्मण नस्कर प्रकरणात (2000) न्यायालयाने कसोट्याही दिल्या: गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची क्षमता संपली आहे का, आणखी डांबून ठेवण्यात काही हशील आहे का. समाजाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असाच, माणसागणिक, विचारायला हवा.

यावर आक्षेप असा, की नियमांनी हात बांधले तर घातक माणसे सुटतील आणि पीडितांवर अन्याय होईल. पण पीडितेवरचा अलीकडचा सर्वांत ढळढळीत अन्याय सरकारच्या मर्जीतूनच झाला. बिल्किस बानो प्रकरणातील 11 जन्मठेपेच्या कैद्यांना गुजरात सरकारने 15 ऑगस्ट 2022 रोजी सोडले. खटला मुंबईत चालला होता, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. कारण न देता कोंडून ठेवणारी आणि अधिकार नसताना सोडून देणारी सत्ता एकच आहे. तिला नियमांचा काच बसला तर कैद्याइतकेच संरक्षण पीडितेलाही मिळते.

सरकारच्या या मर्जीवर दुसरा उपाय न्यायालयांनी स्वतः काढला. स्वामी श्रद्धानंद प्रकरणात (2008) फाशीऐवजी माफीविना आजन्म कैद दिली गेली, आणि 2015 मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा हा अधिकार मान्य केला. फाशी टळते, हे त्याचे मोठे मोल. तरी हा मार्ग मला पटत नाही. शिक्षा देताना न्यायाधीशासमोर गुन्हा असतो. 25 वर्षांनी तुरुंगात असलेला माणूस त्याला तेव्हा दिसणे शक्यच नसते. तो माणूस पाहायचा तर वेळोवेळी फेरविचार हवा, आणि नकारामागे कारण हवे. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले, की धोरणानुसार पात्र झालेल्या कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी करावा आणि निर्णयाची कारणे थोडक्यात नोंदवावीत. तोवर ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याच्यामागे वकील नाही, असा कैदी मुदत उलटूनही आत राहण्याचा धोका होताच.