डबा, सांगड आणि पहिली बीसी

स्क्युबा डायव्हिंगचा कोर्स संपला की पहिला मोठा खर्चाचा प्रश्न येतो तो म्हणजे बीसी कोणती घ्यायची. बीसी म्हणजे भिशी नव्हे मंडळी, बॉयन्सी कॉम्पेन्सेटर. पाठीवरची हवेची टाकी जिला बांधतात ते फुगणारं जाकीट. जालावर शोधलं तर मॉडेलांचे लांबच लांब तक्ते मिळतात. खिसे किती, कड्या किती, रंग कोणते. मोबाईल घेताना करतो तसं सगळं एक्सेलमध्ये ओतून तुलना करता येते, आणि मी ती केलीही (सवय!). पण तक्त्यातून एक गोष्ट काही कळत नाही. ही वस्तू अशी का आहे? कुणाचा फुगा फक्त पाठीवर, कुणाचा पार कुशीपर्यंत गुंडाळलेला, आणि जुन्या फोटोंमध्ये तर चक्क गळ्यात. यातली प्रत्येक जागा कुणीतरी कशासाठी तरी निवडली असणार. ते कळल्याशिवाय निवड करणं म्हणजे कॉमेंट न वाचता दुसऱ्याचा कोड उचलण्यासारखं आहे.

म्हणून या वीकेंडला थोडा इतिहास. सुरुवात मात्र समुद्रावर नाही, आमच्या मंठ्याकडच्या विहिरीत.

मंठा जालना जिल्ह्यात. सगळ्यात जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. लोणारचं सरोवर त्या मानाने शेजारी, पण त्या खारट पाण्यात कोणी पोहायला जात नाही. पोहणं शिकायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, मामाच्या नाहीतर चुलत्याच्या मळ्यातल्या विहिरीत, आणि शिकायचं ते पाठीला काहीतरी बांधून. जुन्या पिढीने वाळवलेला भोपळा बांधला, कुणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका. आमच्यापर्यंत येईतो भोपळ्याची जागा तेलाच्या पत्र्याच्या डब्याने घेतली होती. झाकण पक्कं बसवायचं, दोराने पाठीवर आवळायचा आणि वरून काकांनी ढकलायचं. ट्रेनिंग मटेरियल एवढंच.

आता या डब्याचा हिशोब करून बघा. पंधरा किलो तेलाच्या डब्याचं आकारमान साधारण साडेसोळा लिटर, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. आर्किमिडीज म्हणतो, वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढं प्लावक बल तिला वर ढकलतं. डब्याचं स्वतःचं किलोभर वजन वजा केलं तरी पंधरा किलोंचा जोर शिल्लक राहतो. उष्ण समुद्रासाठी आज विकल्या जाणाऱ्या हलक्या बीसींचा लिफ्टही बारा ते अठरा किलोंच्या घरात असतो. म्हणजे आकड्यात मराठवाड्यातला डबा जागतिक दर्जाचा होता :-) आणि तो बांधायचे पाठीवर, त्यामुळे पोरगं आपोआप पालथं, पाण्याला समांतर व्हायचं. पोहण्यासाठी अगदी योग्य. पण तेच पोरगं दमून उभं राहायला गेलं की डबा त्याला पुढे, तोंडावर लोटायचा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डब्याला काम मात्र एकच येतं, वर ठेवणं. खाली जा म्हटलं तर तो ऐकत नाही.

ही युक्ती फार जुनी. आपण 'सांगड घालणे' म्हणतो ना, दोन गोष्टी जुळवायच्या या अर्थाने? मोल्सवर्थच्या कोशात सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन होड्या, किंवा पोहण्यासाठी जोडलेले दोन भोपळे. सिद्धांत आणि व्यवहार यांची सांगड घालणाऱ्या विचारवंतांच्या पाठीला मूळचे भोपळे आहेत हे कळल्यापासून मला अग्रलेख वाचताना फार मजा येते.

भोपळ्याचाच चुलतभाऊ म्हणजे फुगवलेलं कातडं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरुदच्या राजवाड्यातला एक असीरियन शिल्पपट आहे, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या काळचा. त्यात माणसं नदी पार करताहेत, पोटाखाली बकऱ्याचं फुगवलेलं कातडं आणि त्याची नळी तोंडात. डायव्हिंगच्या इतिहासाच्या अनेक पानांवर हे चित्र 'जगातले पहिले पाणबुडे' म्हणून छापलेलं असतं. साफ चूक. फुगलेल्या कातड्यासकट पाण्याखाली जायचा प्रयत्न करून बघा म्हणजे कळेल. ते तरंगताहेत, आणि गळणारी हवा तोंडाने भरून काढताहेत. पण गंमत अशी की ती तोंडाने फुगवायची नळी आजच्या प्रत्येक बीसीवर आहे. बटण बिघडलं तर तोंडाने फुंकायचं. जवळजवळ २९०० वर्षं चालत आलेला लिगसी कोड, अजून कुणी काढलेला नाही.

(आमच्या जिल्ह्याचीही एक नोंद : २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली ती जालना जिल्ह्यात. त्या लढाईआधी ऑगस्टमध्ये वेलस्लीची फौज गोदावरी उतरली ती कातडं मढवलेल्या टोपल्यांच्या होड्यांमधून. तिथेही कातडंच.)

असो. हजारो वर्षं प्रश्न एकच होता : बुडायचं कसं नाही. १९४३ मध्ये तो बदलला. जाक कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर, या दोघांनी फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग बनवलं आणि माणूस पाण्याखाली मोकळा फिरायला लागला. आता बुडायचंही नव्हतं आणि तरंगायचंही नव्हतं, मधे लटकायचं होतं. सुरुवातीच्या डायव्हरांकडे यासाठी वेगळं साधन नव्हतं. पाठीवर टाकी, कमरेला शिशाचा पट्टा, बस्स. उरलेलं काम फुफ्फुसं करायची. मोठा श्वास घेतला की जरासं वर, सोडला की जरासं खाली. उघड्या अंगाने भूमध्य समुद्रात हे चालून जायचं.

मग एक बग फिक्स झाला आणि त्यातून दुसरा बग जन्माला आला. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. पाण्यात थंडी वाजते, म्हणून ह्यू ब्रॅडनर या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५१-५२ च्या सुमारास निओप्रीनचा वेटसूट काढला. निओप्रीन म्हणजे बुडबुडे भरलेलं रबर, त्यामुळे ऊब मिळते. पण बुडबुड्यांमुळे ते तरंगतंही, म्हणून कमरेला जास्त शिसं लावावं लागतं. आणि खाली गेलं की पाण्याच्या दाबाने बुडबुडे चेपतात. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. सूट पातळ होतो, त्याचा वर ओढणारा जोर जातो, शिसं मात्र तेवढंच राहतं. वर नीट तरंगणारा माणूस खाली दगड होतो. फुफ्फुसांच्या श्वासभर फरकाने हे भरून निघत नाही.

बीसी जन्मली ती या फरकाची भरपाई करायला, म्हणून तर नाव कॉम्पेन्सेटर. फ्लोरिडाच्या गुहांत जाणाऱ्या डायव्हरांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लीचचे रिकामे प्लास्टिकचे कॅन सोबत नेले आणि पाण्याखाली त्यांत हवा सोडून काम भागवलं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. अहो, हा तर आमचा डबा! फरक एवढाच की त्यांनी झाकण काढलं. झाकण काढल्याबरोबर डब्यातली हवा कमी-जास्त करता येऊ लागली, आणि तोच सगळा शोध.

फ्रान्समध्ये मॉरिस फेंझीने १९६१ च्या सुमारास याचं नीट उत्पादन केलं. गळ्यात घालायची फुगणारी पिशवी आणि तिला जोडलेली हवेची छोटी बाटली. आकार घोड्याच्या गळपट्ट्यासारखा, म्हणून इंग्रजीत नावही तेच पडलं. फुगा गळ्यात आणि छातीवर का? कारण माणूस बेशुद्ध झाला तर तो उताणा, तोंड वर करून तरंगला पाहिजे. हा विचार जीवरक्षक जाकिटाचा. पण पाण्याखाली पोहताना तोच फुगा छाती वर उचलतो, शिसं कंबर खाली ओढतं, आणि डायव्हर तिरका होऊन पायांनी तळ ढवळत जातो. सत्तरच्या दशकात टाकीतूनच हवा घेणारी नळी आणि बटण रुळलं. त्याच दशकाच्या अखेरीस स्क्युबाप्रो कंपनीने फुगा बंडीसारखा अंगाभोवती गुंडाळला. बंडीत पृष्ठभागावर उभं राहणं आरामाचं, टाकीही त्यालाच बांधलेली. शिकवणाऱ्यांना ती इतकी सोयीची वाटली की आज कोर्सला भाड्याने मिळते ती बहुधा हीच जात. गुहेतले डायव्हर मात्र वेगळ्या वाटेने गेले. गुहेत पायाने गाळ उडाला की बाहेरचा रस्ता दिसेनासा होतो आणि माणूस मरतो. त्यांना आडवं राहणं जिवाइतकं महत्त्वाचं, म्हणून त्यांनी पाठीवर धातूची पट्टी, साधे पट्टे आणि फुगा फक्त मागे असा साज ठेवला. याला विंग म्हणतात.

म्हणजे बघा, फुगा फिरत फिरत डब्याच्या जागी परत आला. सोबत डब्याची खोडही आली : वर येऊन उभं राहिलं आणि बीसी गच्च फुगवली की ती तोंडावर लोटते. उपाय साधा आहे, गच्च फुगवायची नाही आणि जरा मागे रेलायचं. पण यातून हेही कळतं की बंडी असो वा विंग, बीसी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवायची हमी तिच्याकडून मागू नये.

आता निवडीकडे. दुकानात 'जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सुरक्षित' असं सांगतात ते मला पटत नाही. हिशोब मांडा. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीतली हवा सुमारे अडीच किलो, म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला तेवढं जादा वजन. कोकणच्या उबदार पाण्यात तीन मिलिमीटरचा सूट पुरतो, तो चेपून फार तर दोन-तीन किलोंचा जोर जातो. बेरीज पाच-साडेपाच. पृष्ठभागावर डोकं बाहेर काढायला अजून चार-पाच धरा. तेरा-चौदा किलोंचा लिफ्ट झाला तरी पुष्कळ. वीस-पंचवीस किलोंची पिशवी थंड पाण्यातल्या जाड सूटवाल्यांसाठी आहे, आपण ती नुसती वागवायची आणि तिच्यातली हवा इकडून तिकडे हेलकावताना सहन करायची.

मोठ्या पिशवीचा खरा धोका वर येताना आहे. वीस मीटरवर बीसीत चार लिटर हवा असेल तर दहा मीटरवर तिची सहा होते आणि पृष्ठभागावर बारा. जितकं वर याल तितकी हवा फुगते, जितकी फुगते तितकं जोरात वर याल. निव्वळ पॉझिटिव्ह फीडबॅक. हवा वेळेवर सोडली नाही तर माणूस बुचासारखा उडतो, आणि श्वास रोखलेला असेल तर फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून तक्त्यातला लिफ्टचा रकाना नंतर पाहा, आधी हवा सोडायच्या झडपा पाहा. खांद्यावरची आणि कमरेजवळची, दोन्हींच्या दोऱ्या हातमोजे घालून, न बघता सापडतात का? फुगवायचं बटण आणि सोडायचं बटण बोटांना वेगळं कळतं का? मिठाचे कण अडकून फुगवायचं बटण दाबलेलंच राहिलं, तर नळी एका हाताने काढता येते का? मी दुकानात डोळे मिटून हे करून पाहिलं. दुकानदार विचित्र नजरेने बघत होता, बघू देत.

यातला कितीतरी भाग हौशी पर्यटकाच्या नजरेला पडतच नाही. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्या बहुतेकांच्या बीसीचं बटण प्रशिक्षकाच्या हातात असतं. ते योग्यच आहे. पण मग पोरं समजतात की बीसी घातली की झालं. वास्तविक उथळ पाण्यातच ती सांभाळायला जास्त अवघड, कारण हवेच्या आकारमानातला सगळ्यात मोठा फरक वरच्या दहा मीटरमध्येच पडतो. आणि तिथे चुकलं की पाय प्रवाळावर.

गावाकडेही डबा आता दिसत नाही. बोअर आले, विहिरीत पोहणं कमी झालं. आणि नेमकी त्याच काळात शेततळी आली, प्लास्टिकचा कागद अंथरलेली, काठ इतका निसरडा की पडलेल्याला पोहता येत असलं तरी बाहेर येववत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो. काठावर खुंटीला बांधलेला दोर आणि एक बंद डबा, एवढा खर्च कुठल्याही शेततळ्याला परवडावा.

माझ्यापुरतं म्हणाल तर पाठीवरच्या फुग्याची, चौदा किलो लिफ्टची, वजनाला अडीच किलोंच्या आतली बीसी ठरली आहे. विमानाच्या पंधरा किलो सामानात बसते, पट्टे अंगाला घट्ट बसतात, आणि पाठीवर पंधरा किलोंचा जोर घेऊन पालथं राहायची सवय आम्हाला विहिरीपासूनच आहे. वर्षातून पाच-सहाच डाइव्ह करणार असाल तर भाड्याचीच वापरा, पैसे वाचतील. स्वतःची घेतलीत तर दर वेळी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, ते बटण अडकतं ते न धुतल्यामुळेच.

आणि शिशाचं वजन ठरवायचं ते बीसी पूर्ण रिकामी करून, टाकी संपत आलेली असताना : नेहमीचा श्वास धरून डोळ्यांपर्यंत पाणी आलं पाहिजे, सोडला की हळूहळू खाली. हे पुण्याच्या तरणतलावात जमवलंत तरी मालवणात पुन्हा करावं लागतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, आणि टाकीबिकीसकट तुम्ही शंभर किलो भरत असाल तर तलावातलं शिसं तिथे अडीच किलोंनी कमी पडतं.