हॉकी क्रिकेटने मारली नाही, मैदान महाग करून मारली

"क्रिकेटने हॉकी खाल्ली" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १९८३ साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, घरोघरी टीव्ही आला, जाहिरातदार क्रिकेटमागे धावले आणि हॉकी मागे पडली, अशी ही गोष्ट. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत जात आणि वर्ग येतो, म्हणून ती सांगितली जात नाही. ती आम्ही इथे मांडतो.

इंग्रजी लष्कराच्या छावण्यांमधून हॉकी या देशात आली. मुंबईत १८९६ पासून आगाखान चषक खेळला जाऊ लागला. छावण्या, रेल्वे वसाहती, मिशनरी शाळा आणि छोटा नागपूरची आदिवासी गावे इथे हा खेळ रुजला. कारण साधे होते: मोकळी जमीन, एक चेंडू आणि वाकडी काठी एवढे पुरत होते.

१९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. त्या संघातले ध्यानचंद सर्वांना माहीत आहेत आणि ते असायलाच हवेत. पण कर्णधार कोण होता? जयपाल सिंग मुंडा, एक आदिवासी. हेच जयपाल सिंग पुढे संविधान सभेत गेले. १७ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर बाबासाहेब बोलले आणि दोनच दिवसांनी त्याच ठरावावर जयपाल सिंग आदिवासींची बाजू मांडायला उभे राहिले. आपल्यापैकी किती जणांना शाळेत हे शिकवले गेले?

आता घसरणीकडे वळू. १९७५ साली भारताने क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला. टर्फ अंथरायला कोट्यवधी रुपये लागतात, त्यावर रोज पाणी मारावे लागते. ज्याच्या गावात टर्फ नाही तो मुलगा गवतावर कितीही चांगला खेळला, तरी निवड चाचणीत नवशिका ठरतो. म्हणजे नियम सर्वांना सारखा, पण मैदान सारखे नाही. ही युक्ती आपल्याला नवी नाही. गुणवत्तेच्या नावाखाली आपण ती शिक्षणातही पाहतो.

दुसरा घाव नोकऱ्यांवर बसला. मुंबईची हॉकी रेल्वे, विमान कंपन्या, बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या संघांवर उभी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत तुटक्या स्टिक जोडून खेळलेला धनराज पिल्ले याच शिडीने वर चढला आणि चार ऑलिम्पिक खेळला. गरीब घरातल्या मुलासाठी खेळाडू म्हणून मिळणारी सरकारी नोकरी हीच खरी शिष्यवृत्ती होती. खासगीकरणाने ज्या हाताने आरक्षण काढले, त्याच हाताने ही शिडीही काढली.

अमेरिकेतली आईस हॉकी पाहा. बर्फाचे मैदान आणि अंगावरचे सामान महाग, म्हणून तो खेळ बहुतांशी खात्यापित्या गोऱ्या घरांचा राहिला. कॅनडातल्या काळ्या खेळाडूंनी १८९५ मध्येच स्वतःची लीग उभारली होती. तरी तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला काळा खेळाडू, विली ओ'री, उतरला तो थेट १९५८ मध्ये. बास्केटबॉल मात्र एक रिंग आणि एक चेंडू यावर गल्लोगल्ली पसरला. आज अमेरिकेत लोकप्रियतेत कोण पुढे आहे, हे वेगळे सांगायला नको.

"लोकांनाच आवड उरली नाही" असे कोणी म्हणेल, तर त्याला ओडिशा दाखवा. २०१८ पासून त्या राज्याने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, राउरकेलाला बिरसा मुंडांच्या नावाचे भव्य स्टेडियम बांधले. सुंदरगढसारख्या आदिवासी जिल्ह्यातून खेळाडू येतच आहेत. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी पुरुष संघाला कांस्य मिळाले. सरकारने पैसा टाकला तिथे खेळ जगला.

आणि खेळ जगला तरी जात मरत नाही, हेही विसरू नका. टोकियोत ऑलिम्पिक हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला वंदना कटारिया. संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली. संघात दलित फार झाले, असे तिच्या घरच्यांना ऐकवले गेले. जिंकली की देशाची लेक, हरली की जात!

आता आपल्या दारात या. विरारपासून चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमपर्यंत सुमारे साठ किलोमीटर. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या मुलीने शाळा सांभाळून, लोकलच्या गर्दीत स्टिक घेऊन रोज तिथे जायचे का? २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. विकास आराखड्यात खेळासाठी राखलेले भूखंड किती, त्यांवर आज काय उभे आहे आणि महापालिकेचा क्रीडा निधी कुठे खर्च होतो, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर मिळाले की वॉर्डात सभा लावा.

बाबासाहेबांनी आपल्याला पाण्यासाठी चवदार तळ्यावर नेले. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क, तसाच सार्वजनिक मैदानावरही. तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.

जय भीम! जय संविधान!