रिलायंट आणि एंटरप्राइझ यांचे नाते

* 'रिलायंट' हे मिरांडा वर्गातले जहाज 'स्टार ट्रेक २: द रॅथ ऑफ खान' (१९८२) या चित्रपटात प्रथम दिसले. मालिकेतील मुख्य जहाज एंटरप्राइझसारखीच तबकडी, तशीच दोन इंजिने. मात्र ती वर नव्हे, खाली बसवलेली, आणि मान व लांबट धड पार वगळलेले. पाठीवरची शस्त्रांची कमान ही ठळक भर. लढाईत दोन्ही जहाजे प्रेक्षकाला क्षणात वेगळी ओळखू येतात, तरी ती एकाच ताफ्यातली आहेत, हे विसरता येत नाही. चित्रपटाचा खलनायक खान याने बळकावलेल्या जहाजासाठी याहून नेमकी रचना सुचणे कठीण. पुढे गॅलेक्सी आणि नेब्युला या जहाजवर्गांतही त्याच भागांच्या वेगळ्या जुळणीचे हेच नाते दिसते. म्हणून रिलायंटला एंटरप्राइझची 'जुनी आवृत्ती' समजू नये. – संपा.