एका नृत्यगृहाची कथा

मंडप कोणाचा, हा प्रश्न आमच्या देवस्थानांशी संबंध असणाऱ्या वाचकांस नवा नाही. एकाच सभामंडपात कीर्तन होते, दशावतारी काला होतो आणि महाजनांची सभाही तेथेच भरते. म्हणूनच किल्ल्या कोणाच्या हाती, यावर दावे लढले जातात. आयर्लंडमधील एका खेड्यातील नृत्यगृहाचा इतिहास वाचताना आम्हांस याच प्रश्नाची आठवण झाली.

लीट्रिम परगण्यातील जिमी ग्राल्टन हा अमेरिकेस जाऊन, तेथील नागरिकत्व घेऊन, १९२१ साली स्वग्रामी परतला. वडिलांच्या जमिनीवर, शेजाऱ्यांच्या श्रमदानाने, त्याने एफर्ना येथे साधेसे सभागृह उभारले आणि १९१६ च्या उठावानंतर देहान्त शासन झालेल्या पिअर्स व कॉनली या पुढाऱ्यांचे नाव त्यास दिले. तेथे नाच होई, वर्ग भरत, जमिनीच्या तंट्यांचा निवाडाही होई. गावकऱ्यांना कोणाची परवानगी न मागता एकत्र बसता येईल अशी ती जागा होती, आणि तेच तिचे पाप ठरले.

१९२५ साली कॅथलिक धर्माध्यक्षांनी नृत्यगृहांविरुद्ध निवेदन काढून ते चर्चमधून वाचावयास लावले. मधली वर्षे अमेरिकेत घालवून ग्राल्टन १९३२ साली परतला आणि सभागृह पुन्हा गजबजले. तो साम्यवादी होता, हे खरे; परंतु विरोधकांनी वाद घालण्याऐवजी प्रथम गोळ्या झाडल्या आणि २४ डिसेंबर १९३२ रोजी वास्तू जाळून टाकली.

यापुढचा भाग आम्हां वकिलांस अधिक बोचतो. ग्राल्टनचा जन्म त्याच परिसरातला. तरी परदेशी नागरिकत्वाचे निमित्त करून त्यास परका ठरविण्यात आले आणि १९३३ च्या ऑगस्टमध्ये, खटला न चालविता, देशाबाहेर काढण्यात आले. आग लावणारे निदान रात्री आले होते. हे काम सरकारने उघड दिवसा केले.

१९३५ साली सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. नाचासाठी आता जिल्हा न्यायालयाचा परवाना हवा. अर्जदाराचे चारित्र्य कसे, आसपास अन्य नृत्यगृहे आहेत काय, मोटारी उभ्या करण्यास जागा आहे काय, हे न्यायाधीशाने पाहावयाचे. मोटारींचा उल्लेख वाचून आम्हांस हसू आले, कारण खेड्यातला नाच तोवर शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात, एका सारंगीवाल्याच्या जोरावर चाले. तेही नाच या कायद्याच्या कचाट्यात सापडले, आणि पाद्र्यांच्या देखरेखीखालील सभागृहांचे दिवस आले. आगीने एकच छप्पर गेले होते. परवान्याने गावोगावची अंगणे गेली.

ग्राल्टन १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. तो परत आला नाही. एफर्ना येथे त्याच्या स्मारकाचे अनावरण करताना राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी त्याच्या हद्दपारीबद्दल क्षमा मागितली, ती २०१६ साली. १९३५ चा कायदा तेव्हाही अमलात होता.