पीळ सोसणारी चकती

विमानाचे इंजिन बिघडले की पुढचा पंखा थांबतो, अशी आपली साधी समजूत असते. या लेखात ज्या यंत्राविषयी लिहायचे आहे, त्यात कधी कधी नेमके उलट घडते. इंजिन ठणठणीत असते. किंबहुना डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे ते एकदम घोंघावू लागते, आणि पंखा मात्र निव्वळ वाऱ्याने फिरत राहतो. इंजिन आणि पंखा यांच्या मध्ये कुठेतरी पोलादाची एक पातळ चकती तडकून सुटलेली असते. वैमानिकाच्या हाती आता विमान उरत नाही, ग्लायडर उरते. आणि खाली शेत आहे की वस्ती, हे ठरवायला त्याच्याजवळ फार थोडा वेळ असतो.

ते इंजिन म्हणजे वांकेल रोटरी. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या 'रोटरी' इंजिनांशी त्याचा संबंध नाही. त्या फ्रेंच नोम इंजिनांत सिलिंडरांचा अख्खा गोतावळाच पंख्याबरोबर गरगर फिरत असे. नामसाधर्म्यामुळे आपल्याकडच्या दोन-तीन लेखांत या दोघांची सरमिसळ झालेली मी वाचली आहे, म्हणून हा खुलासा.) फेलिक्स वांकेल हा १९०२ साली जन्मलेला जर्मन. विद्यापीठाची पदवी नाही, मोटार चालवायचा परवानासुद्धा नाही. माझ्यासारख्या पदवीविना अभ्यास करणाऱ्याला त्याचे आकर्षण वाटावे हे साहजिक आहे; पण तरुणपणीच तो नाझी पक्षात गेला होता, हे विसरून त्याचे गोडवे गाणे मला जमत नाही. त्याचे पहिले इंजिन एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी सुरू झाले. त्यात आतला रोटर आणि बाहेरचे घर, दोन्ही फिरत. त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्केने घर स्थिर ठेवले, आणि आज आपण ज्याला वांकेल म्हणतो ते इंजिन त्यातून आले.

त्याची रचना थोडक्यात अशी. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, आठाच्या आकड्याला कमरेत जाड केल्यासारख्या पोकळीत फिरतो. पिस्टनसारखे वर-खाली जाऊन दर वेळी थबकणे नाही, झडपा नाहीत. त्रिकोण एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो, आणि त्रिकोणाला तीन बाजू असल्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो. माझदाच्या १३बी या प्रसिद्ध इंजिनात असे दोन रोटर आहेत. दोन्ही मिळून १,३०८ घनसेंटिमीटर. एका रोटरचा जोर शाफ्टच्या २७० अंशांपर्यंत टिकतो आणि दुसरा १८० अंशांच्या अंतराने येतो, म्हणजे एकाचा जोर ओसरण्याआधीच दुसऱ्याचा सुरू होतो. इंजिनाच्या गुळगुळीतपणाची ख्याती आली ती यातून. ख्याती खरी होती, पण पुढे तिनेच फसवले.

विमानाचा विचार पहिल्यापासून होता. राइट बंधूंचे नाव मिरवणाऱ्या कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्येच परवाना घेतला, आणि तिचे रोटरी इंजिन लॉकहीडच्या 'क्यू-स्टार' या आवाज न करणाऱ्या प्रायोगिक टेहळणी विमानात उडालेही. पण १९७३ च्या तेलटंचाईत इंधन जास्त पिणाऱ्या या इंजिनाची बाजारातली पत गेली. जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी अंग काढून घेतले. चिकटून राहिली ती हिरोशिमाची माझदा. तिने १९७८ मध्ये आरएक्स-७ ही मोटार आणली, ती अमेरिकेत भरपूर खपली, आणि काही वर्षांतच तिथल्या भंगारवाड्यांत चांगल्या स्थितीतली १३बी इंजिने स्वस्तात मिळू लागली.

गिऱ्हाईक तयारच होते. अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. अर्ध्याहून अधिक काम स्वतः केले असेल, तर विमान 'एक्सपेरिमेंटल' वर्गात नोंदवता येते, आणि मग त्यात कोणते इंजिन बसवायचे याला फारसे बंधन नसते. (आपल्याकडे कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले, तेव्हा नोंदणीसाठी त्यांना किती वर्षे झगडावे लागले ते आठवले की हा फरक समजतो.) मोटारीचे इंजिन विमानात बसवण्याची परंपराही जुनी. मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ मध्येच फोर्डच्या 'मॉडेल ए'चे इंजिन घेऊन विमान उडवले होते. पण फोर्डचे ते इंजिन मुळातच संथ. पंखा थेट शाफ्टला लावता आला. १३बीला ताकद दाखवायची तर मिनिटाला सहा हजार फेरे हवेत. १.८ मीटर व्यासाचा पंखा त्या वेगाने फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५६५ मीटर होतो. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास. असा पंखा हवा कापत नाही, नुसता किंचाळतो. म्हणून मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स आला. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ग्रहचक्र काढून त्यापासून केलेले, २.१७ किंवा २.८५ पट वेग उतरवणारे गिअरबॉक्स या मंडळींत रूढ झाले.

आणि गिअरबॉक्स इंजिनाला जोडायचा कशाने? तर ऑटोमॅटिक मोटारीत असते त्याच पातळ पोलादी चकतीने, जिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. मागच्या बाजूचे समतोल साधणारे वजन वेगळे मिळत असल्याने अवजड फ्लायव्हील टाळता येत होते, आणि विमानात शंभर ग्रॅमचाही हिशेब असतो.

माझ्या वाचनाप्रमाणे दुखण्याचे मूळ इथे आहे. मोटारीत या चकतीच्या पुढे टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेला डबा. इंजिनाचे हिसके ते तेल गिळते. चकतीचे काम एवढेच, की डबा गरम होऊन फुगला तर थोडे मागेपुढे लवायचे. मागेपुढे ती लवचीक आहे. पिळाच्या दिशेने मात्र ती ताठ आहे. विमानात तेलाचा डबा गेला, त्या जागी गिअर आले, गिअरपुढे जड पंखा आला, आणि आयुष्यभर तेलाच्या आडोशाला राहिलेली चकती थेट माऱ्यात उभी राहिली.

दोन जड चाके एका बारीक दांडीच्या दोन टोकांना बसवावीत आणि एकाला पीळ देऊन सोडावे, तर दोन्ही चाके आपापल्या ठरलेल्या लयीत उलटसुलट हलत राहतात. बाहेरून हिसकेही त्याच लयीत बसू लागले, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखे होते. इंजिनाचे रोटर हे एक चाक, पंखा हे दुसरे. १३बीचे सहा हजार फेऱ्यांना सेकंदाला दोनशे हिसके, पंधराशे फेऱ्यांना पन्नास. शिवाय थ्रॉटल मिटलेले असताना जळालेला वायू पुरता बाहेर न गेल्याने या इंजिनाचे काही स्फोट चुकतात आणि त्याची चाल लंगडते. म्हणजे पन्नासाखालचे हिसकेही त्यात मिसळतात. आणि हे सगळे वैमानिकाला जाणवत नाही! खुर्ची थरथरते ती इंजिनाचे धूड हलले तर. शाफ्टच्या आत चाललेला पीळ बुडाला लागत नाही. 'गुळगुळीत' या विशेषणाने केलेला घात तो हाच: लोकांनी अंगाला जाणवणारा गुळगुळीतपणा शाफ्टच्या आतही गृहीत धरला.

पिळाच्या कंपनांचे भय विमानविद्येला नवे नव्हते. मे १९२९ मध्ये अमेरिकेकडे निघालेल्या 'ग्राफ झेपेलिन'च्या पाचपैकी चार इंजिनांनी एकामागून एक मान टाकली आणि ते प्रचंड वायुयान कसेबसे फ्रान्सच्या दक्षिणेला उतरवावे लागले. पिळाच्या कंपनांनी क्रँकशाफ्ट तुटले होते. त्यापुढच्या काळात कारखान्यांनी इंजिन, गिअर आणि पंखा यांची जोडी एकत्र तपासण्याची शिस्त लावून घेतली. गॅरेजमधल्या माणसाकडे ती मोजणारी उपकरणे नसतात. त्यातही गिअर बदलला की सगळे गणित बदलते, कारण इंजिनाला जाणवणारे पंख्याचे जडत्व गुणोत्तराच्या वर्गाने कमी होते: २.१७ ला सुमारे ४.७ पट, २.८५ ला सुमारे ८ पट. लाकडी पंख्यावर एकाचे विमान वर्षानुवर्षे सुखरूप उडते, म्हणून तोच संच घेऊन दुसऱ्याने धातूचा पंखा बसवावा, तर त्याची लय वेगळीच निघते. पहिल्याचा अनुभव खोटा नसतो, पण दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

आमच्या तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात गळिताच्या मध्यावर रोलरचा शाफ्ट तुटला होता, तेव्हा एका वयस्कर फिटरने तुटलेल्या तोंडावर बोट फिरवून मला दाखवले होते: इथे गुळगुळीत आणि काळपट, शिंपल्यावर असतात तशा वळ्या, हे जुने. इथे खरखरीत आणि चकचकीत, हे आजचे. धातू थकतो कसा, हे जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून मांडले होते. मी ते पुस्तकात नंतर वाचले, पण बोटांना आधी कळले होते. तडकलेल्या चकत्यांची छायाचित्रे पाहताना मी तेच शोधतो. चीर बहुधा बोल्टच्या छिद्रापासून निघावी, कारण ताण तिथे गोळा होतो. गिअरबॉक्सचा मध्य इंजिनाच्या मध्यापासून केसभर जरी सरकलेला असला, तरी चकती दर फेऱ्याला वाकते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा.

आता आकड्यांचा एक हिशेब मांडतो. सेकंदाला दोनशे हिसके म्हणजे तासाला सात लाख वीस हजार. पोलादाच्या थकव्याची कसोटी साधारण एक कोटी आवर्तनांवर घेतात. ती चौदा तासांत पुरी होते. अमेरिकी नियमाने अशा विमानाला आधी चाळीस तास एकट्याने उडवून दाखवावे लागते (प्रमाणित इंजिन आणि पंखा असेल तर पंचवीस). तेव्हा चालू वेगातच चकतीवर अति ताण येत असेल, तर ती या चाळीस तासांतच बोलेल. पण लय जर सुरू करतानाच्या किंवा बंद करतानाच्या हळू वेगात लपलेली असेल, तर ती दर उड्डाणात क्षणभरच भेटते, काही शे आवर्तनांपुरती. चाळीस तास निर्वेध जातात, शेजारी आत बसू लागतो, आणि भेग दोनशे तासांनंतर उघडते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. नियम करणाऱ्यांनी वाईट हेतूने केलेले नाहीत. पण तास मोजणारे घड्याळ सुरू होण्या-बंद होण्याची संख्या मोजत नाही.

वांकेलचा आपल्याकडचा धागाही आहे. 'निशांत' या चालकविरहित विमानासाठी बंगळूरच्या संस्थांबरोबर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीईने देशी वांकेल इंजिन घडवले, आणि ते २००९ मध्ये कोलारजवळ 'निशांत'मधून उडाले. त्यात माणूस बसत नव्हता, आणि मागे प्रयोगशाळा होत्या.

आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. म्हणजे भंगारातून येणारी चकती आता मोटारीत कितीतरी वर्षे राबून आलेली असते. जाणते बांधणारे ती घेतच नाहीत. नवी घेतात, छिद्रांच्या कडा कानसून गोल करतात, बोल्टखाली जाड वॉशर देतात, डायल गेजने मध्य तपासतात, पिळाच्या दिशेने लवणारा रबरी जोड मध्ये घालतात आणि ते रबर उष्णतेने कडक झाले की बदलतात. ठरावीक तासांनी चकतीवर लाल द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारतात. चीर असेल तर भुकटीत केसासारखी लाल रेघ उमटते. रेघ दिसली की चकती टाकून द्यायची. आपल्याकडच्या वर्कशॉपांत अशा वेळी हात वेल्डिंगच्या यंत्राकडे जातो. पण डागलेल्या जागेच्या कडेला पोलादाचा पोत बदलतो, आणि पुढची चीर त्याच कडेने धावते.